आज वार कोणता?

आज आम्ही उन्हाळ्यातल्या एका आठवड्याबद्दल बोलणार आहोत. हा आठवडा आहे दोन म्हाताऱ्या माणसांचा, म्हणजे आम्हा नवरा-बायकोचाच. तुम्ही म्हणाल, रिटायर माणसांच्या आठवड्यात सांगण्यासारखं काय असणार? पाणी भरलं, भाजी आणली, गोळ्या घेतल्या, झोपलो. खरंय. पण मे महिन्यात हीच साधी कामं म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतात. तीच कामं वेळ बघून केली, तर निभावतं. ती कशी करायची आणि का, एवढंच आज सांगायचं आहे.

आम्ही वांगणीला राहतो. मध्य रेल्वेच्या कर्जत लाइनवर बदलापूर सोडलं की पुढचं स्टेशन वांगणी. तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. आमचे हे अंबरनाथला कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर जे पैसे मिळाले त्यात पुढे सरकत सरकत वांगणीतच घर परवडलं. चौथा मजला, वर गच्ची, लिफ्ट नाही. ह्यांचं वय बहात्तर, आमचं सदुसष्ट. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी. शाळांना सुट्ट्या लागल्या की बिल्डिंगमधली निम्मी बिऱ्हाडं गावाला जातात. मग दुपारी जिन्यात चिटपाखरू नसतं. आम्ही दोघं आणि वरचा तापलेला स्लॅब.

इथलं ऊन मुंबईसारखं नाही. मुंबईला समुद्राचा वारा लागतो. आमच्याकडे एका बाजूला माथेरान-चंदेरीचे डोंगर, मध्ये उल्हास नदी, आणि समुद्र लांब. वारा पोचेपर्यंत दुपार उलटून जाते. मुंबईत पारा चौतीसला असतो, तेव्हा बदलापूर-वांगणीकडे तो चाळीसच्या वर गेलेला असतो. त्यात सिमेंटची घरं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो. म्हणून आमच्या घरात सगळ्यात उकडतं ते दुपारी बारा वाजता नाही, रात्री नऊ-दहा वाजता.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. घाम आला म्हणजे अंग थंड होतं असं नाही. घाम वाळला, म्हणजे अंग थंड होतं. माठ आठवा. माठातून पाणी पाझरतं, ते हवेत उडून जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. पावसाळ्यात तोच माठ, तेच पाणी, पण तितकं गार होत नाही, कारण हवेतच ओल असते. आपलं शरीरही माठच आहे. कोकणपट्टीत आणि ठाणे जिल्ह्यात मे महिन्यात हवा दमट असते. घाम येतो, पण वाळत नाही. म्हणून हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात ४० अंश धरतं, पण किनारपट्टीवर ३७ अंशच धरतं. शिवाय पारा नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर असावा लागतो. तेव्हा विदर्भातल्या बातम्या ऐकून ‘आपल्याकडे कुठे पंचेचाळीस आहे’ असं म्हणून निर्धास्त राहू नका.

आता म्हातारपणाचं. साठीनंतर माठाची भोकं बुजल्यासारखी होतात. घाम कमी येतो. हृदयाला रक्त कातडीकडे ढकलायला जास्त कष्ट पडतात. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तहान मंदावते. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि माणूस म्हणतो, ‘मला नको, तहान नाही.’ तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तहान लागलेली नसते. त्यात ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, म्हणजे पाणी आणखी बाहेर जातं.

म्हणून आमच्या घरात उन्हाळ्याचे दोन नियम आहेत. पहिला, पाणी तहानेवर नाही, घड्याळावर प्यायचं. दुसरा, रोज दुपारी चार वाजता एकमेकांना विचारायचं, ‘आज वार कोणता? सकाळी काय खाल्लं?’

हसू नका. ऊन डोक्यात चढायला लागलं की आधी ताप येईलच किंवा चक्कर येईलच असं नाही. आधी माणूस चिडचिडतो, गप्प होतो, पेंगतो, शब्द अडखळतो, उठताना झोक जातो. घरातले म्हणतात, ‘वय झालं, असं व्हायचंच.’ आणि इथेच घात होतो. रोज पटकन उत्तर देणारा माणूस एके दिवशी वार सांगताना अडखळला, तर ते म्हातारपण आहे असं समजू नका. आधी पाणी द्या, अंग पुसा, वारा घाला. दुसरी गोष्ट अशी की ज्याला हे होतंय त्याला स्वतःला ते कळत नाही. ते दुसऱ्यालाच दिसतं. म्हणून प्रश्न विचारायला दुसरं माणूस लागतं.

आता आठवडा सांगतो.

सोमवार आमच्याकडे पाण्याचा. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, आणि मे महिन्यात धार बारीक झाली की खालच्या टाकीतून बादल्या वर न्याव्या लागतात. चार मजले, हातात बादली, आणि वेळ दहाची, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पाडायला एवढं पुरे. म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला उतरतो. बादली अर्धीच भरतो. प्रत्येक मजल्यावर टेकतो. सात वाजायच्या आत काम संपवतो. नंतर पाणी आलं तरी उतरत नाही. पाणी कमी असेल त्या दिवशी कपडे राहतात, फरशी राहते, पण प्यायचं पाणी आणि अंग पुसायचं पाणी आधी बाजूला काढून ठेवतो.

मंगळवारी बँक. ह्यांना कारखान्याची पेन्शन आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनीत सरकारने २०१४ पासून कमीत कमी हजार रुपये ठरवून दिलेत. ह्यांना त्याहून थोडी जास्त मिळते, पण एसी लावावा इतकी काही नाही. बँकेत महिन्याच्या पहिल्या दिवसांत रांग असते. पेन्शन पळून जात नाही. म्हणून आम्ही गर्दी सरल्यावर, बँक उघडता उघडता जातो आणि अकराच्या आत घरी येतो. सोबत छत्री, पाण्याची बाटली आणि ओला पंचा. ओला पंचा मानेवर ठेवला की अंगाला जो घाम येत नाही त्याचं काम तो करतो.

इथे आम्हा बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. घराबाहेर पडायचं म्हटलं की आपण पाणी पीत नाही. का? वाटेत लघवीला कुठे जायचं? गुडघे दुखतात म्हणून रात्री उठायला नको, म्हणूनही संध्याकाळपासून पाणी बंद करतो. ही सवय बहुतेक बायकांना असते आणि उन्हाळ्यात ती फार महाग पडते. लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, चक्कर, आणि चक्कर येऊन पडलं की खुब्याचं हाड. म्हणून आपली बाहेरची कामं तासा-दीड तासात संपतील अशी ठेवा, निघायच्या आधी पाणी प्या, आणि परत आल्यावर लगेच पुन्हा प्या. लघवीचा रंग बघत जा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद पिवळा झाला की पाणी कमी पडतंय असं समजा.

बुधवारी बाजार. तोही सकाळीच. स्टेशनजवळ आदिवासी बायका पाट्या घेऊन बसतात. करवंदं, जांभळं, ताडगोळे. उन्हाळ्याचं खरं औषध त्या पाट्यांत असतं. ताडगोळे आणि काकडी घ्यायची, कोकम घ्यायचं. घरी आमचं जेवण उन्हाळ्यात हलकं असतं. नाचणीची आंबील, ताक-भात, कैरीचं पन्हं. ह्यांना साखरेचा आजार आहे, म्हणून ह्यांना पन्हं नाही, ताक. ज्यांना ब्लडप्रेशर आहे त्यांनी मीठ बेताने. स्वयंपाक आम्ही सकाळी आठच्या आत उरकतो. दुपारी गॅस पेटवला की घर आणखी तापतं, आणि ओट्यापाशी उभी असते ती बाईच.

गुरुवारी डॉक्टर. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी एकदा आपल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात. विचारावं, ‘यातली लघवी वाढवणारी कोणती? उन्हाळ्यात कमी-जास्त करायची का? दिवसाला पाणी किती प्यायचं?’ ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांना पाण्याची मर्यादा सांगितलेली असते. त्यांनी ती मोडू नये. बाकीच्यांना साधारण दोन ते अडीच लिटर पुरे. पण एक लक्षात ठेवा, कुणाचं ऐकून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं आणि वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. आधार कार्ड लागतं. माणूस दवाखान्यात टाकल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच काढून ठेवा.

शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज बंद. सकाळी नऊला जाते, कधी दुपारी तीनला येते, कधी पाचला. तो आमचा सगळ्यात कठीण दिवस. त्या दिवशी आम्ही सकाळपासून उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद करून जुन्या साडीचे जाड पडदे ओढतो. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गरम असेल तोवर खिडकी उघडून उपयोग नाही. रात्री मात्र सगळं सताड उघडं. दुपारी बारा ते चार आम्ही वर थांबतच नाही. तळमजल्यावर शेजारणीकडे नाहीतर देवळाच्या सभामंडपात जाऊन बसतो. दिवसातून दोन-तीन तास जरी अंग गार जागी राहिलं, तरी शरीराला उसंत मिळते. पाय पाण्याच्या बादलीत ठेवून बसलं तरी बरं वाटतं. वीज असली तरी एक ध्यानात ठेवा, खोली चाळीस अंशांच्या वर तापली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर मारतो. तेव्हा आधी अंग ओलं करायचं, मग पंखा.

ह्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. वीज गेली की आम्ही ते घट्ट झाकणाच्या डबीत घालून मातीच्या मडक्यात ठेवतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात डबी, वर ओलं फडकं. जिथे फ्रिज नाही अशा खेड्यापाड्यांत हीच युक्ती कामाला येते. इन्सुलिन बर्फात किंवा फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नये, गोठलं की ते वाया जातं.

शनिवारी लग्न. मे महिना म्हटला की लग्नं आलीच, आणि मुहूर्त भर दुपारी साडेबाराचा. पत्र्याचा नाहीतर कापडाचा मांडव, वारा नाही, माणूस माणसाला लागून. आम्ही आदल्या संध्याकाळीच जाऊन आहेर करतो, नवरा-नवरीला आशीर्वाद देतो आणि येतो. कुणी रुसतं, पण समजावून सांगितलं की ऐकतात. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं सकाळपासून उघड्या मैदानात बसली होती. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. तरी १४ माणसं दगावली. भाविक माणसं होती, शिस्तीने बसलेली होती, उठून सावलीत जावं असं कुणाला वाटलं नाही. तुमच्या घरी लग्न असेल तर मुहूर्त सकाळचा किंवा गोरज धरा. मांडवात एक कोपरा म्हाताऱ्यांसाठी राखा. तिथे पंखा, पाण्याचं पिंप आणि नजर ठेवायला घरातलं एक पोर.

रविवार आमचा गच्चीचा. सकाळी सहाला बिल्डिंगमधली जी माणसं गावाला गेलेली नसतात, ती गच्चीवर जमतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच गच्चीला चुन्याचे दोन हात दिले जातात. चुना धुऊन जाऊ नये म्हणून त्यात थोडा डिंक कालवतात. पांढरा रंग ऊन परत फेकतो, त्यामुळे खालचं घर थोडं तरी कमी तापतं. अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेसाठी आपला कृती आराखडा केला, भारतातला तो पहिला. पुढे त्या आराखड्यात गरिबांच्या घरांची छपरं पांढरी करण्याचं कामही आलं. तुमच्याकडे पत्र्याची घरं असतील तर पत्र्यालाही पांढरा रंग चालतो. पत्र्याखाली आतून बांबूचा तट्ट्या लावला तर आणखी बरं.

हा झाला आमचा आठवडा. पण मैत्रिणींनो, एक प्रश्न राहतोच. आम्ही एकमेकांकडे बघतो, पण दोघांनाही एकाच दुपारी त्रास झाला, तर बघायचं कुणी? आणि जे एकटेच आहेत त्यांचं काय?

आमच्या वांगणीने जुलै २०१९ मध्ये मोठा पूर पाहिला. २७ तारखेला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी होते. होड्या आल्या, नौदल आलं, आपत्ती दलाचे जवान आले, आसपासच्या गावातली माणसं धावली, आणि सगळे सुखरूप बाहेर आले. पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून माणसं धावतात. ऊन तसं दिसत नाही. बंद दाराआड चौथ्या मजल्यावर एखादी म्हातारी पेंगते आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायचं कसं? तिथे होडी पोचत नाही. तिथे कुणीतरी जाऊन दार वाजवावं लागतं.

हे श्रीमंत देशालाही चुकलेलं नाही. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेची लाट आली आणि सुमारे १५,००० माणसं गेली. बहुतेक म्हातारी होती, कितीतरी एकटी राहणारी होती, आणि महिना सुट्टीचा असल्यामुळे शेजारीपाजारी, मुलंबाळं गावाला गेलेली होती. त्यानंतर त्या देशाने काय केलं? गावोगावच्या नगरपालिकांनी म्हाताऱ्या आणि अपंग माणसांची यादी ठेवायची, आणि लाट आली की त्यांना फोन करून विचारपूस करायची, असा कायदा केला. एवढ्या मोठ्या संकटावर जो उपाय निघाला, तो यादी आणि विचारपूस हा.

मैत्रिणींनो, यादी करणं आणि दार वाजवणं हे तर बचत गटाचंच काम आहे. हप्ता गोळा करायला आपण दर महिन्याला घरोघरी जातोच. आमच्या तळमजल्यावर एक बाई राहते. वांगणीत दृष्टिहीन कुटुंबं बरीच आहेत, त्यांतलीच ती एक. लोकलमध्ये वस्तू विकून घर चालवते. तिला दिसत नाही, पण दुपारी परत आली की खालूनच हाक मारते, ‘मावशी, आज वार कोणता?’ आमच्या उत्तराच्या आवाजावरून तिला कळतं की घसा कोरडा आहे की ठीक आहे. आणि आम्हीही तिची वाट बघतो, कारण उन्हातून ती आलेली असते. पाण्याचा तांब्या आधी तिच्या हातात जातो.

तुमच्या गावात चित्र उलट असेल. पोरं मुंबई-पुण्याला, म्हातारी माणसं गावातल्या घरात. पण काम तेच आहे. वहीचं एक पान घ्या. गावातली साठीच्या पुढची, एकटी राहणारी, अंथरुणाला खिळलेली माणसं लिहा. प्रत्येकीने दोन घरं घ्यावीत. मार्च ते जून, दुपारी तीन-चारच्या सुमाराला एक हाक. घरात पाणी आहे का, प्यायले का, वार कोणता. नावापुढे मुलाचा फोन नंबर आणि आशाताईचा नंबर लिहून ठेवा. आणि तुमचे आई-वडील, सासू-सासरे शहरात एकटे असतील, तर फोनवर ‘बरे आहात ना’ एवढंच विचारू नका. त्यावर सगळेच ‘बरे आहोत’ म्हणतात. सकाळपासून किती पेले पाणी झालं ते विचारा.

आता शेवटचं, लिहून घ्या. थकवा, डोकेदुखी, पायात गोळे आले तर सावलीत बसवा, कपडे सैल करा, जलसंजीवनी द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. पण माणूस बरळायला लागला, ओळखेनासा झाला, अंग भाजल्यासारखं तापलं किंवा शुद्ध गेली, तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत थांबू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. तापाची गोळी देऊ नका, हा ताप गोळीने उतरत नाही. आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा सरकारचा फुकट फोन नंबर आहे, तोही भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तर मैत्रिणींनो, पहिला पाऊस पडेपर्यंत हे एवढं करा. पुढच्या बैठकीत हप्ता लिहून झाला की त्याच वहीत नावं लिहायला घ्या, आणि दुसऱ्या दिवसापासून दारं वाजवा. नमस्कार.